दोन बोटं माया

माणूस भेटलं की मी आधी त्याची बोटं बघते, चेहरा नंतर. बोटं सरळ असली, मुठीत नीट मिटत असली, की माझ्या पोटात दुखायला लागतं. एसटीत झरझर तिकिटं काढणारी कंडक्टर मुलगी, चौकात गजरे ओवणारी बाई, शेजारच्या घरात धपाधप भाकरी थापणारी सून, या सगळ्यांचा मी अगदी मनापासून हेवा करते. त्यांना त्याचा पत्ता नसतो आणि त्यांच्या बोटांनाही काही होत नाही. तेव्हा माझ्या जळण्यानं आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही, एवढं सांगून ठेवते.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा सांगितलं होतं, शिवणकामातल्या गमतीजमती लिहा, लोकांना आवडतात. गमतीजमती आहेतच, एकदोन सांगतेही. पण माझ्या धंद्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मी दुखऱ्या हातांनी काढली आहेत. हातातली कात्री सुटू नये म्हणून जी धडपड केली तीच मला जास्त आठवते. आणि त्या धडपडीत आमच्या मंगलवर मी जितकी जळले तितकी कुणावरच जळले नसेन. म्हणून तेच लिहिते.

आमचं दुकान जालन्यात, मस्तगडला, गल्लीच्या तोंडाशी. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. दुकानात दोन मशिनं आणि एक कटिंगचं टेबल. आमचे हे आणि माझे धाकटे दीर दोघंही सळयांच्या कारखान्यात, त्यांच्या पाळ्या बदलत असतात, त्यामुळे दुकानात पहिल्यापासून बायकांचंच राज्य. मंगल म्हणजे माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत होता आणि गाणी म्हणता येत होती. बाकी सगळं मी शिकवलं. आज ती मशीनवर बसली की बघत राहावं. पाय, हात, मान, सगळं एका तालात, आणि वर तोंडानं गाणं चालू. मला त्या गाण्याचाही राग येतो.

बाहेरच्यांना वाटतं ब्लाउज मशीनवर तयार होतं. मशीन नुसतं जोडतं, ब्लाउज होतं ते कात्रीखाली. गळा किती खोल, बाहीचा मुंढा किती फिरवायचा, कटोरी कुठे बसवायची, हे सगळं खडूनं आखायचं, आणि एकदा कात्री चालली की मागे फिरता येत नाही. म्हणून दुकानात शिवणारे हात कितीही असले तरी कापणारा हात एकच असतो आणि दुकान त्याच्याच नावानं ओळखलं जातं. आखलेल्या रेघेवर मात्र कधी कापायचं नसतं. रेघेच्या बाहेर, दोन्ही बाजूंना, दोन बोटं कापड जास्तीचं सोडायचं. ते शिवणीच्या आत जातं, वरून दिसत नाही. पुढे बाई अंगानं भरली तर टाके उसवून तेवढं सैल करता येतं. या सोडलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो. नव्या मुलीला शिकवताना माझं पहिलं वाक्य तेच असतं, आधी माया सोड, मग कात्री लाव.

हेव्याचं म्हणाल तर आमचा धंदाच त्याच्यावर चालतो. एकदा एक बाई नणंदेचं ब्लाउज पिशवीत लपवून घेऊन आली. म्हणाली, “ताई, गळा बराबर असाच पायजे. पण तिच्यापेक्षा एक बोट खोल.” मी शिवून दिलं. लग्नाहून परत आल्यावर नणंद स्वतः आली. तिला भावजयीसारखा गळा हवा होता, पण मागून लटकन लावलेला. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, पण माझ्याकडे दोघी येतात. दुसऱ्या एक शिक्षिकाबाई आहेत, त्या मापाला दरवेळी आपल्या लग्नातलं ब्लाउज आणतात. “माप हेच धरा, बाकी तुम्ही समजून घ्या.” समजून घ्यायचं म्हणजे किती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ब्लाउज त्यांना चांगलं बसतं आणि त्या खूश होऊन जातात.

तर असं सगळं झकास चाललं असताना एका सकाळी माझा अंगठा कात्रीच्या कड्यात जाईना. आधीपासून बोटं आखडत होती, पण मी म्हणायची, थंडी आहे, पाणी फार झालं, लसूण फार सोलला. त्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तरी मूठ मिटेना. गल्लीत औषधांना तोटा नव्हता. कुणी निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला, कुणी एरंडाचं तेल चोळायला. एकीनं मेथीचे लाडू आणून दिले, ते मंगलनंच खाल्ले आणि तिचे हात आणखी चांगले चालायला लागले. शेवटी संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी संधिवात सांगितला. म्हणाल्या, हा म्हातारपणाचा नव्हे. तुमचं शरीरच तुमच्या सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर उठलंय. औषधानं ताब्यात राहील, पण मुक्काम ठोकून राहणार. मी मनात म्हटलं, म्हणजे माझं स्वतःचं शरीरसुद्धा माझ्या बोटांवर जळतं.

दुखणं तरी लोकांना समजतं. थकवा समजावून सांगता येत नाही. रात्रभर झोपून उठावं आणि अंगात तेवढंच ओझं असावं. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, काम बंद करू का? त्या म्हणाल्या, “मुळीच नाही. पण थकल्यावर थांबायचं नाही, थकण्याच्या आधी थांबायचं. आणि ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी जास्त सांभाळायचं.” मी बसमध्ये ह्यांना म्हटलं, बाई शिकलेली आहे पण हिनं लग्नसराई बघितलेली दिसत नाही. थकण्याच्या आधी थांबायचं म्हणजे भूक लागायच्या आधी जेवून घ्यायचं. आमच्या धंद्यात माणूस काम संपल्यावर थांबतं, आणि काम तर संपत नसतंच.

तेव्हा माझी पद्धत अशी होती. वाईट दिवशी मी पडून राहायची आणि पडद्याआडून मंगलच्या मशीनचा आवाज ऐकायची. तो आवाज ऐकून माझा जीव जळायचा. आणि चांगला दिवस उजाडला की मी सगळं वसूल करायला निघायची. साचलेलं सगळं कापायचं, मंगलला दाखवून द्यायचं, की टेबल अजून माझं आहे. मग त्यापुढचे बरेच दिवस पुन्हा अंथरुणात.

भोकरदनच्या कमलबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या घरातलं एकही लग्न माझ्या कात्रीशिवाय झालेलं नाही. भोकरदनला शिंपी नाहीत असं नाही, पण त्या बस धरून जालन्याला येणार, आणि आल्या की दारातूनच ओरडणार, “ताई हायेत का घरी? मंगलला न्हाई दाखवायची मी साडी!” मला हे वाक्य फार आवडायचं. मंगल हसायची आणि चहा टाकायला आत जायची. त्या वर्षी कमलबाईंच्या धाकट्या लेकीचं लग्न निघालं. शालूतलं कापड, जरीचा काठ, आणि शिवणार फक्त ताई.

ते कापड बरेच दिवस टेबलाखाली पडून होतं. माझे हात धड नव्हते. मंगल एकदा म्हणाली, “ताई, मी कापू का? तुम्ही नुस्तं खडूनं आखून द्या.” मी म्हटलं, “हात नको लावूस.” मग लग्न तोंडावर आलं आणि एक सकाळ अशी उजाडली की माझी बोटं उघडली. सगळी. मी चुलीवर हात शेकले नव्हते, गरम पाण्यात धरले नव्हते, तरी मूठ मिटत होती. मला इतका आनंद झाला की मी चहासुद्धा उभ्यानंच घेतला.

त्या दिवशी मी जे टेबलाला चिकटले ते उठलेच नाही. आधी इतरांचं साचलेलं कापलं, कारण कमलबाईंचं शेवटी, शांतपणे, मनाजोगं करायचं होतं. मंगल मधूनमधून म्हणत होती, “ताई, जरा बसा की वो. समदं आजच करायचं हाय का?” तिनं असं म्हटलं की मी आणखी एक कापड ओढायची. दुपार टळून गेली. शालूचं कापड टेबलावर घेतलं तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी ठणका सुरू झाला होता. मी आखलं. हात जड झाला होता, कात्रीची एक एक चाल मोजून मारावी लागत होती. डोक्यात एवढंच होतं की लवकर रेघ संपू दे. रेघ संपली. मी कात्री ठेवली आणि आत जाऊन आडवी झाले. मंगलला म्हटलं, “बघ, झालं सगळं.”

दुसऱ्या दिवशी मला चहाची कपबशी उचलता आली नाही. तिसऱ्या दिवशी मंगलनं वेणी घालून दिली. माझ्या कापण्यावर विश्वास ठेवून ब्लाउज तिनंच शिवून ठेवलं होतं. कमलबाई लेकीला घेऊन आल्या तेव्हा मी पडद्याआड, अंथरुणात. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. पोरीनं ब्लाउज घातलं. मग कुणीच काही बोलेना. आम्हा शिंपिणींना ही शांतता ओळखता येते. हूक लागत नसले की बाई आधी श्वास आत ओढून धरते, त्याची ती शांतता.

मंगल पडदा सारून आत आली. माझ्याजवळ बसली आणि अगदी हळू म्हणाली, “ताई, माया न्हाई ठेवली.”

मी रेघेवरच कापलं होतं. दोन्ही बाजूंना. जे मी शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी सांगते तेच माझ्या हातून राहिलं, आणि तेही जरीच्या कापडात, लग्न तोंडावर असताना. आणि वाक्य तरी कसं! माया नाही ठेवली. ती कापडाचंच बोलत होती. पण मी तरी आजवर दुसरं काय केलं होतं म्हणा. मंगलवर माया नव्हती ठेवली, स्वतःच्या हातांवर नव्हती ठेवली. मला रडू आलं आणि रडताना डोळे पुसायला हात वर जाईना, म्हणून आणखी रडू आलं. मंगलनं तिच्या पदरानं माझं तोंड पुसलं. ते मला अजिबात आवडलं नाही.

मग ती बाहेर गेली आणि कमलबाईंना म्हणाली, “बसा जरासं. ताईंनी एक डिझाइन सांगितलंय, तेवढं टाकायचं राहिलं.” कापून उरलेला शालूचा तुकडा होता. त्याच्या तिनं दोन लांबट कळ्या, म्हणजे निमुळत्या पट्ट्या, काढल्या आणि दोन्ही बगलांखाली जोडल्या, कडेनं सोनेरी पायपिंग मारून. जोड लपवण्याऐवजी तिनं तो उठून दिसेल असा केला. पोरीनं घातलं आणि कमलबाईंचा आवाज आला, “अगं बाई! ही कोणती नवी फ्याशन काढली वो ताईंनी? बिलकुल हिरोनीवानी दिसून राह्यली पोरगी!” आणि वर म्हणाल्या, “मंगल, तू लाख शिव, पण असलं डोकं ताईंचंच चालतं.”

“हाव ना,” मंगल म्हणाली. “ताईंचंच.”

मी आत पडून ऐकत होते. तिनं खरं सांगून टाकलं असतं तर मी तिच्यावर रागावले असते, तिनं खोटं सांगितलं म्हणून मी तिच्यावर जळले. हात चांगले, गळा चांगला, आणि आता मनही चांगलं. देवानं माणसाला काहीतरी कमी द्यावं की नाही! वर आणखी त्या लग्नानंतर भोकरदनकडच्या बायका यायला लागल्या, “कमलबाईच्या पोरीवानी बगलेत पट्टी टाका.” माझी चूक त्या बाजूला दोन लग्नसराया फ्याशन म्हणून चालली.

त्या अंथरुणात पडून मी पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंच्या वाक्याचा नीट विचार केला. त्यांनी ते डॉक्टरी भाषेत सांगितलं होतं, म्हणून मला कळलं नव्हतं. त्यांनी नुसतं “दिवसाला माया सोडा” म्हटलं असतं तर मी तिथंच समजले असते. माझा प्रत्येक चांगला दिवस मी रेघेवर कापत होते. जेवढी ताकद तेवढं काम, आत दुमडायला काही शिल्लक नाही. मग जरा कुठे ओढ बसली, पाहुणे आले, नळ आला, हवा बदलली, की सगळं टरकन फाटायचं, आणि उसवून सैल करायला आत काही नसायचं.

समजणं सोपं होतं. करणं फार कठीण गेलं. पहिल्यांदा ठरवावं लागलं की काय सोडायचं. मशीन, काज, हूक, तुरपाई, कटिंग, सगळंच धरून ठेवलं तर कात्रीही जाणार होती. तेव्हा मी मशीन सोडलं. माझं मशीन, माहेरून आणलेलं, त्यावर आता शिकाऊ मुली बसतात आणि दोरा तोडतात. तुरपाई सोडली. कात्री ठेवली. तीही नवी घेतली, हलकी, मोठ्या कड्यांची. सकाळी बोटं आखडलेली असतात तेव्हा गिऱ्हाइकांशी नुसतं बोलायचं, मापं मंगलनं घ्यायची. बोटं सुटली की थोडं कापायचं आणि थांबायचं. पडद्यामागे एक चटई टाकून ठेवली आहे, तिच्यावर जाऊन पडायचं. मग पुन्हा थोडं.

यातलं सगळ्यात अवघड म्हणजे हात बरा असताना थांबणं. दुखत असताना कुणीही थांबेल, त्याला अक्कल लागत नाही. हात चालतोय, कापड समोर आहे, मंगलचं मशीन धडधडतंय, आणि आपण कात्री खाली ठेवून चटईवर जायचं! पहिले काही महिने मी चटईवर डोळे मिटून नुसती चरफडत पडायची. मशीनच्या आवाजावरून मला कळायचं की आता बाही लागली, आता गळ्याला पट्टी चालली. एकदा मी आतूनच ओरडले, “पट्टी तिरकी चाललीय!” मंगल म्हणाली, “ताई, मी चहा ढवळून राह्यले.”

लोकांचं बोलणं वेगळंच. वाईट दिवशी ते कीव करतात आणि चांगल्या दिवशी संशय घेतात. “बऱ्या दिसता की! मंग कामून आडव्या झाल्या?” हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी हसते. बरी दिसते कारण आडवी होते, हे सांगायला जावं तर समोरचीला वाटतं बाई कामचुकार आहे. आमच्या ह्यांनाही समजायला वेळ लागला. एकदा म्हणाले, “काल तर तू धडाधड कापत होतीस.” मी म्हटलं, “म्हणूनच आज नाही.” त्यांनी मान हलवली, पण समजलं नव्हतं. कारखान्यात भट्टी चांगली चालत असतानाच मधूनमधून बंद करून थंड होऊ द्यावी लागते, नाहीतर ती तडकते, असं काहीतरी त्यांनीच एके दिवशी मला सांगितलं, तेव्हा कळलं की समजलं.

घसरतेही. सणाच्या आधी मोह होतो, कुणाची तरी अडचण असते, मी एक कापड जास्त कापते आणि भोगते. पण अजून टेबल माझं आहे. कमी कापते, पण जे कापते ते माझं असतं आणि त्याला माया सोडलेली असते. नवीन गिऱ्हाइकं आता मंगलकडे जातात. तीही कापते, मीच शिकवलं. तिचा मुंढा माझ्यापेक्षा चांगला बसतो. हे लिहायला मला किती त्रास झाला ते तुम्हाला कळणार नाही.

यंदाची गोष्ट सांगते आणि थांबते. दिवसभराचं माझं कापून झालं होतं. मी चटईवर होते, पडदा अर्धा सारलेला. मंगल मशीनवर. नेहमीसारखं गाणं चालू नव्हतं, पण ते माझ्या लक्षात आलं नाही, माझं लक्ष तिच्या बोटांवर होतं. मी म्हटलं, “तुझं बरं हाय बाई. देवानं हात दिलेत.”

मशीन थांबलं. ती वळली आणि म्हणाली, “तुमचंच बरं हाय, ताई.”

“माझं? माझं काय बरं हाय गं?”

“तुम्ही आडव्या झाल्या का घरातलं समदं माणूस हळू बोलतं. गिऱ्हाईक बाहेरच्या बाहेर वापस जातं. भाऊजीबी चप्पल हळू काढतेत.” तिचा आवाज चढत नव्हता, पण थांबतही नव्हता. “माझ्याकडं बघा. आज नळ आल्ता. वरच्या टाकीपासून न्हाणीपर्यंत समदं मी भरलं. सैपाक केला. डबे दिले. मंग इथं बसले ती बसलेच. मला आजवर कुणी म्हणलं का, मंगल, बस जराशी? म्हणतील कशाला! मी धडधाकट हाय ना.” मग ती मशीनवरच्या कापडाकडे बघत म्हणाली, “कव्हा कव्हा वाटतं, मलाबी एखादं दुखणं लागावं. लई मोठं न्हाई. बसण्यापुरतं.”

आणि लगेच तिनं जीभ चावली. “चुकलं ताई. असं बोलू नाही.”

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझा कुणीतरी हेवा केला होता, आणि तोही मंगलनं. मी तो थोडा वेळ मनात घोळवला. मग राग आला. वाटलं हिला सांगावं की ये, घे माझी बोटं, एक सकाळ वापरून बघ. आणि त्या रागातच मी तिच्याकडे नीट बघितलं, बोटांकडे नव्हे, चेहऱ्याकडे. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मान एका बाजूला कलली होती, तीही मंगल सरळ करत नव्हती, कारण सरळ करायला हात मोकळा हवा होता. मी हिला कापायला शिकवलं, शिवायला शिकवलं, आणि थांबायला मी शिकत होते तेव्हा ते फक्त माझ्यासाठीच शिकले. माझं जे जे सुटलं ते तिनं उचललं होतं. मशीन, तुरपाई, काज, पाणी. माझा दिवस सैल झाला तो तिच्या दिवसातून काढून.

मी चटईवर सरकले. “ये इकडं.”

“आत्ता? हे एवढं समोर पडलंय.”

“पडू दे. पाठ टेक.”

“झोप न्हाई लागणार मला दिवसाची.”

“झोपू नको. नुस्ती पड.”

ती आली, संकोचत, पाहुण्याच्या घरी बसावं तशी कडेला टेकली. मग आडवी झाली. मी काही बोलणार तोवर तिचा श्वास जड झाला. झोपली. बघता बघता, लहान मूल झोपावं तशी, तोंड उघडं टाकून. मला इतक्या वर्षांत त्या चटईवर एकदाही अशी झोप लागलेली नाही. मी नुसती पडून असते, अंगात ठणका आणि डोक्यात मशीनचा आवाज. आणि ही पहिल्याच दिवशी! मला पुन्हा तिचा हेवा वाटला. पण मी उठले आणि पडदा पूर्ण ओढून घेतला.

तेवढ्यात शहागडची एक बाई आली, हातात पिशवी, मागे बस सुटायची घाई. दारातून म्हणाली, “मंगलताई कुठायेत? ब्लाउज टाकायचं होतं जल्दी. त्यांच्याच हातचं पायजे.”

त्यांच्याच हातचं. कमलबाई माझ्याबद्दल जे दारातून ओरडायच्या, तेच. मी टेबलाशी उभी होते, माझ्यासमोर कात्री होती, आणि त्या बाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

“निजलीय,” मी म्हटलं.

“मंग तुम्हीच टाका ना कापून. तुमचे हात तर बरे दिसून राह्यले.”

हात बरे होते. मी बोटं मिटून उघडून बघितली. दहाही चालत होती. कापड चांगलं होतं, मऊ सूत, कात्रीखाली लोण्यासारखं गेलं असतं. हिला एकदा माझा मुंढा दाखवावा, पुन्हा मंगलचं नाव काढणार नाही, असं अगदी ओठांशी आलं. माझं त्या दिवसाचं कापून झालं होतं. मी कापडाची घडी घातली आणि फळीवर ठेवली.

“सकाळी कापते,” मी म्हटलं.

“सकाळी? अन् त्यांना उठवा की वो जरासं,” ती पडद्याकडे बघत म्हणाली. “काय झालं त्यांना? आजारी हायेत का?”

“न्हाई,” मी म्हटलं. “काई झालं न्हाई तिला. म्हणून तर निजवलीय.”